रिकामा दिसणारा 4 नंबर : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. पण उत्तर इथेच देतो, कारण आर्वी तालुक्यातली आमची इंटरनेटची बरीच गिऱ्हाइकं हेच विचारतात. तुमचं म्हणणं असं : 100 एमबीपीएसचा प्लॅन, पण संध्याकाळी मोबाईलवर वायफायनं 20-25 च येतात. वायफाय तपासायच्या ॲपमध्ये 4 नंबरचा चॅनल (राऊटर ज्या पट्ट्यावर बोलतो तो) साफ रिकामा दिसतो, तरी आमच्या दुकानातल्या पोरानं 6 च ठेवला. "सगळ्यांना एकच नंबर ठोकून मोकळे होतात," असंही लिहिलंत.

4 लावला नाही, ते त्यानं बरोबर केलं.

ॲपमधल्या त्या कमानी पुन्हा उघडून पाहा; एक कमान म्हणजे एक राऊटर. नजर जाते कमानीच्या टोकावर, पाहायचे असतात तिचे पाय. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एक चॅनल दुसऱ्यापासून फक्त 5 मेगाहर्ट्झवर असतो आणि राऊटर जागा घेतो कमीत कमी 20 ची. म्हणजे 4 वरचा राऊटर 1 वरच्यालाही घासणार आणि 6 वरच्यालाही. एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकतात; एक बोलत असला की दुसरा थांबतो. अर्धवट अंगावर आलेल्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट होतो. एका देवळात दोन भजनी मंडळं पाळीनं म्हणतात. शेजारच्या दोन देवळांत भोंगे लागले की दोघांचंही भजन गेलं. म्हणून नंबर तीनच : 1, 6 आणि 11. आपल्या देशात 12-13 पण चालतात, पण काही फोन-टीव्हींना 13 वरचं वायफाय दिसतच नाही, आणि मग फोन आम्हालाच येतो.

तिघांतून 6 च का? 1 वर तुमच्या भिंतीपलीकडचा राऊटर, ॲपमध्ये त्याच्या सिग्नलचा आकडा उणे 42. 11 वर समोरच्या दुकानाचा, उणे 55. 6 वर नावं तीन आहेत खरी, पण तिन्ही उणे 85 च्या खाली, पार गल्लीच्या टोकाची. उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा सिग्नल कमजोर. नावं मोजू नका भाऊ, जोर पाहा.

ऑटोवर का नाही, हेही विचारलंत. बरेच राऊटर ऑटोवर चॅनल निवडतात ते चालू होतानाच. इकडे वादळ सुटलं की लाईन जाते, आणि आली की अख्ख्या गल्लीचे राऊटर एकदमच जागे होतात. दुसरा कुठे बसतो हे दिसायच्या आत जो तो नंबर धरतो, आणि पुढची लाईन जाईपर्यंत हलत नाही. त्यापेक्षा हातानं लावलेला बरा.

आता 100 चं. लॅपटॉपला वायर लावून 94 आले, ते पोरानं तुमच्यासमोरच दाखवलं; रिव्ह्यूत तेवढं राहून गेलं. तुमचा फोन 2.4 वर होता. 20 च्या रुंदीत असल्या फोनची कागदावरची कमाल 72, हातात येतात त्याच्या निम्मे. वर तुमचा राऊटर लोखंडी आलमारीच्या मागे आणि समोर पाण्यानं भरलेला कूलर. लोखंड सिग्नल अडवतं, पाणी पिऊन टाकतं. तिथे कोणताही नंबर लावा, सारखंच.

तुमच्या वायफायचं नाव दोनदा दिसतं. शेवटी 5जी लिहिलेलं जोडा (ते 5 गिगाहर्ट्झचं; मोबाईलच्या फाईव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही). तिकडे 36 नंबर मोकळा आहे, त्याच फोनवर फरक दिसेल. फक्त ते मातीच्या जाड भिंतीतून मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, तिथे 2.4 च वापरावं लागेल.

राऊटर छपरीच्या दारावरच्या फळीवर घ्यायचा असेल तर दुकानात सांगा. पोरगा येऊन लावून देईल. येण्याचे पैसे नाहीत, वायर वाढवावी लागली तर तेवढ्या वायरचे लागतील. आणि 4 च पाहिजे असेल तर राऊटरचा पासवर्ड खालच्या स्टिकरवर आहे, लावून पाहा. चॅनलची रुंदी मात्र 20 ची 40 करू नका, शेजारी तक्रार घेऊन आमच्याकडे येतात.