अढी पेटीत, मनात नको

मार्च संपत आला की तुमच्या मनात येतंच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशेऐंशी बिऱ्हाडं आहेत, प्रत्येकाला तोंड आहे आणि आपल्या ओळखीत एक आंबेवाला आहे. जरूर विका पेट्या. शेजाऱ्यांच्या मनात अढी न बसवता कसं विकायचं, एवढाच प्रश्न उरतो. गेली चार वर्षं आमच्या ग्रुपवर हे शास्त्र मी बसल्या जागी शिकतोय, तेव्हा थोडं सांगतो.

मुख्य म्हणजे, वर्षभर ग्रुपवर चकार शब्द काढू नका. टँकर कधी येणार, बी विंगची लिफ्ट पुन्हा का बंद, कोणाच्या आजीला रक्त हवंय, या भानगडीत पडायचं नाही. तो वेळ एप्रिलसाठी राखून ठेवा. मग एका सकाळी ‘नमस्कार मित्रांनो!’ म्हणून एकदम प्रकट व्हा. लिफ्टमध्ये ज्यांच्याकडे पाहून तुम्ही मोबाइल काढता तेच हे मित्र. त्यांनाही बरं वाटेल.

जाहिरात कधी टाकावी? गर्दी असेल तेव्हा. आमच्याकडे गेल्या मोसमात ए विंगमधले एक आजोबा गेले. सकाळी सातला मुलानं कळवलं. नऊपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘ॐ शांती’ची रांग लागली. एवढं गिऱ्हाईक एका जागी जागं असण्याचा योग वर्षातून दोनदाच येतो, हे आमच्या आंबेवाल्या सभासदानं ओळखलं आणि रांगेच्या मधोमध पेटीचा फोटो ठेवून दिला. पुढचे सहा जण बोटाच्या सवयीनं त्या फोटोखालीच हात जोडून गेले. सातव्या बाईंनी ‘दोन डझन ठेवा’ असं लिहिलं, पण उत्तर चुकून आजोबांच्या बातमीला दिलं गेलं. मुलानं काही लिहिलं नाही. म्हणजे काही वाईट वाटलं नसावं.

पण थेट जाहिरात ही नवशिक्यांची रीत. मुरलेला माणूस आधी मागणी तयार करतो. ‘खात्रीशीर हापूस कुठे मिळेल हो? मुलं मागे लागलीत’ हा प्रश्न बायकोच्या नंबरवरून जाऊ द्या आणि उत्तर तुमच्या. मध्ये दहा मिनिटं थांबायचं मात्र विसरू नका. आमच्याकडे प्रश्नावरही ८:४७ होते आणि उत्तरावरही ८:४७, शिवाय उत्तरासोबत चार फोटो आणि पेटीचं वजन. एवढ्या तत्पर शेजाऱ्याचं कौतुक करायचं सोडून सी विंगची पोरं हसत सुटली. पाठोपाठ मेव्हण्यानं लिहावं, ‘घेतले, अमृत!’ तो सोसायटीत राहत नाही आणि पहिली पेटी अजून यायची आहे, या तांत्रिक बाबी. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० असं मानक काढलंय. अभिप्राय देणारा माणूस खरा आहे ना, हे पडताळा असं ते सांगतं. तुम्ही घाबरू नका. मेव्हणा खराच आहे.

आता माल. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. तुमचं फळ कर्नाटकातून येत असेल तरी पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असतंच. पेटी देवगडची, आंबा पाहुणा, यात खोटं काय? पिकवले कसे म्हणून कोणी खोदून विचारलंच तर ‘पेंढ्यात अढी लावून’ असं सांगा. शहरातल्या माणसाला अढी फक्त मनातलीच ठाऊक असते, आंबे पिकायला पेंढ्यात रचतात ती नाही, त्यामुळे तो पुढे विचारत नाही. आणि भाव ग्रुपवर कधीही लिहू नका. ‘पर्सनलवर या’ म्हणा. चौथ्या मजल्याला एक भाव आणि सातव्याला दुसरा, हे उघड्यावर शोभत नाही.

तक्रार येणारच. हापूसमध्ये साका निघतो आणि साका कापेपर्यंत दिसत नाही. एखादी बाई कापलेल्या फोडीचा फोटो टाकते, आत पांढरट, दडस गर. इथे एक नियम पाठ करा: स्तुती ग्रुपवर, तक्रार पर्सनलवर. ‘ताई, आपण फोनवर बोलू’ एवढंच लिहायचं आणि फोन उचलायचा नाही. फोटो मात्र राहता कामा नये. त्यासाठी अ‍ॅडमिन. ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवरून पुसायची सोय त्याच्याकडे असते, त्यामुळे मोसमातली पहिली पेटी त्याच्या दारात जायला हवी. आमच्या अ‍ॅडमिननं पेटी मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी ‘ग्रुपच्या शिस्तीसाठी इतर सर्व जाहिराती बंद’ असा ठराव टाकला. इतर हा शब्द मला फार आवडला.

एवढं करून माणसं दुखावली का, हे कळणार कसं? कळणार नाही, आणि हीच तर गंमत आहे. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं. २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते आणि तो सध्या आंबे खातोय. ग्रुप कायमचा म्यूट करायची सोय तर २०२० पासूनच आहे. म्यूट केलेला माणूस बोलत नाही, न बोलणारा माणूस तक्रार करत नाही आणि तक्रार न करणारा तो समाधानी. यंदा आमच्या ग्रुपवर इतकी शांतता आहे की पाण्याची टाकी साफ करायची सूचना पाच जणांनी वाचली. बाकीचे बादल्या न भरता झोपले.

एका माणसापासून मात्र जपून राहा. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त काका आहेत. वर्षभर लिफ्टवाल्याला फोन करणं, कोणाच्या गॅसच्या नळीचं माप सांगणं, असली कामं करतात. मोसमात एकच मेसेज टाकतात: ‘माझ्या भाच्याची रत्नागिरीजवळ पावस गावात बाग आहे. मला डझनामागे पन्नास रुपये सुटतात. पेटीत चार-पाच फळं साक्याची निघतील, ती बदलून देईन. भाव खाली लिहिला आहे.’ नफा चारचौघांत सांगून टाकायचा म्हणजे धंद्याची काही रीतच राहिली नाही. संध्याकाळपर्यंत ‘पेट्या संपल्या, धन्यवाद’ असा दुसरा मेसेज येतो आणि वर्षाचं काम संपतं.

गेल्या रविवारी जिन्यात आमचे ८:४७ वाले गृहस्थ भेटले. खांद्यावर पेटी, फटीतून पेंढा बाहेर आलेला, पावसचा वास अख्ख्या जिन्यात. मी म्हटलं, ‘कुठे डिलिव्हरी?’

‘नाही हो,’ ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘ही काकांकडची. घरी खायला.’