तिजोरीची किल्ली कुणाकडे?

आरोग्यमंत्री खमका असला की आरोग्याला पैसा मिळतो, असा सूर एका लेखात वाचला; तो काही पटला नाही. तिजोरीची किल्ली अर्थमंत्र्याकडे असते. ब्रिटनचंच बघा. अन्यूरिन बेव्हन यांनी आरोग्यमंत्री असताना १९४८ मध्ये मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. तीनच वर्षांत कोरियन युद्धापायी शस्त्रांवरचा खर्च फुगला आणि अर्थमंत्री गेट्सकेल यांनी चष्मे-कवळ्यांना शुल्क लावलं. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते; चिडून त्यांनी राजीनामा दिला, पण शुल्क लागलंच. जिथे खुद्द योजनेच्या जन्मदात्याचं चाललं नाही, तिथे बाकीच्यांची काय कथा!

नुसतं ठरवूनही पैसा येत नाही. आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्याला द्यायचं ठरवलं. बहुतेकांना अजून जमलेलं नाही.

आरोग्यमंत्र्याच्या हातात खरं तर मिळालेल्या पैशाचं वाटप असतं. आणि तिथेच गोची आहे. मोठ्या रुग्णालयाची कोनशिला बसवली की फोटो छापून येतो. लसीकरणामुळे न आलेल्या साथीचं उद्घाटन कसं करणार? त्यामुळे नव्या इमारती किती, हे विचारूच नका. आहेत त्या केंद्रांत परिचारिका किती आणि औषधं महिन्यातले किती दिवस असतात, एवढं विचारा.