फौजदारसाहेब, बत्तीस बोअरला फटाका म्हणू नका

फौजदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी तेलाचं फडकं घेऊनच बसलो होतो, फोनच्या काचेवर अजून डाग आहेत. जुन्या युरोपियन छोट्या पिस्तुलांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप. एक, बत्तीस बोअर, म्हणजे 7.65 मिलिमीटरचं छोटं काडतूस, हा दिवाळीचा फटाका. दोन, ज्या जर्मन वॉल्थरला मी पहिला नंबर दिला ते लंडनमध्ये ऐन वेळी अडकलं होतं. तीन, इटालियन बेरेटाला मी दोन ओळींत गुंडाळलं. वर पुन्हा 'वडिलांची वस्तू म्हणून डोक्यावर घेऊन नाचताय' हा टोला. तो टोला बिनतक्रार मान्य, माझं वॉल्थर वडिलांचंच. बाकीच्यावर बोलू.

गोळीत दम कमी, हे आकड्यांत खरंच आहे. 7.65 ची गोळी साडेचार-पावणेपाच ग्रॅमची, वेग सेकंदाला 300 मीटरच्या आसपास, ऊर्जा 200 जूलच्या घरात. तुम्ही नोकरीत वापरलेल्या 9 एमएमची त्याच्या दुपटीहून जास्त. पण मग वॉल्थर पीपी कोटाच्या खिशात मावतं कसं, तेही बघा की. त्यात नळी चौकटीला पक्की बसवलेली आहे. गोळी सुटताना स्लाइडला, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, कुलूप लावणारं काहीही नाही. स्लाइडचं स्वतःचं वजन आणि नळीभोवतीची स्प्रिंग, एवढ्यावर सगळा कारभार. भाग कमी, आकार लहान, आणि नळी हलत नसल्यामुळे नेम चांगला लागतो. हे सगळं जमतं ते काडतूस सौम्य आहे म्हणून. काडतूस जोरदार करा, की स्लाइड जड करा नाहीतर कुलपाची यंत्रणा घाला. म्हणजे खिसा गेला.

मधल्या मध्ये तडजोड केली की काय होतं ते मी हातावर घेऊन आलोय. मुलीकडे गेलो होतो तेव्हा प्रागजवळच्या एका रेंजवर 9 शॉर्टचं, म्हणजे 9 एमएमच्याच जाडीच्या पण आखूड, सौम्य काडतुसाचं पीपीके (पीपीचं धाकटं भावंड) चालवायला मिळालं. दोन मॅगझिन संपली आणि अंगठा-तर्जनीच्या बेचकीत दोन समांतर रेघा, रुळांसारख्या, एकीतून रक्त. मागे येणारी स्लाइड चावली होती. माझा हात जाड, ही माझी चूक म्हणा. पण लगेच नंतर हातात घेतलेलं चेक बनावटीचं मोठं पिस्तूल सीझेड 75, पूर्ण ताकदीचं 9 एमएम, त्याहून मऊ वाटलं. एक तर ते जड, आणि त्यात कुलूप आहे. म्हणून माझं मत असं, की या जातीची पिस्तुलं 7.65 मध्येच शोभतात. त्याच चौकटीत 9 शॉर्ट कोंबलं की धक्का मोठ्या पिस्तुलाचा आणि ताकद मधलीच.

बत्तीस बोअरचा खरा दोष तुम्ही काढलाच नाहीत, काढला असतात तर मी गप्प बसलो असतो. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे जाऊन बसली, की वरचं पुढे सरकतच नाही. माझ्याकडे हे एकदा झालंय. स्लाइड ओढून काही उपयोग होत नाही. मॅगझिन काढून, काडतुसं एकेक बाहेर घेऊन पुन्हा भरावी लागतात. रेंजवर हसण्यावारी जातं, पण रस्त्यावर कोण थांबणार आहे तुमच्यासाठी?

आता लंडन. 20 मार्च 1974, द मॉल नावाचा रस्ता. ब्रिटनची राजकन्या ॲन हिला पळवायला आलेल्या माणसाने तिचे अंगरक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन यांच्या खांद्यात गोळी घातली. त्यांनी आपल्या वॉल्थरमधून एक गोळी झाडली, ती चुकली, आणि पिस्तूल अडकलं. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी ते वॉल्थर वापरातून काढलं. असली पिस्तुलं पकड ढिली झाली की अडकू शकतात, आणि इथे तर खांदाच जखमी होता, असा बचाव मला करता येईल. करणार नाही. अंगरक्षकाचं हत्यार जखमी हातातही चालायला हवं. जर्मन पोलिसांनीही म्युनिक ऑलिंपिकमधल्या 1972 च्या हत्याकांडानंतर 7.65 ला रामराम ठोकून 9 एमएमची वाट धरली, तेही बरोबरच. 1929 साली पीपी आलं ते दिवसभर अंगावर बाळगायचं आणि क्वचित झाडायचं हत्यार म्हणून. बंदूकधारी टोळ्यांशी चकमकीचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

बेरेटाच्या बाबतीत मात्र तुम्ही मला पकडलंत. मराठी घरात बेरेटा 1934 म्हटलं की 30 जानेवारी 1948 आठवतो. गांधीजींवर चाललेलं पिस्तूल तेच होतं. लिहिताना माझा हात तिथे आखडला, आणि यंत्राचं माप घ्यायचं तर हे कारण चालत नाही. स्लाइडचा वरचा भाग कापलेला, नळी उघडी, त्यामुळे रिकामी पुंगळी अडकायला जागाच जवळजवळ नाही. चिखलातून फिरणाऱ्या इटालियन सैनिकाला तेच हवं होतं. काडतूस 9 शॉर्टच, पण वजन साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे असल्याने ते सोसवतं. खोड्याही आहेत. सेफ्टीचा खटका अर्धा गोल फिरवावा लागतो, एका अंगठ्याने ते काही जमत नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबते ती फक्त रिकाम्या मॅगझिनच्या आधाराने, त्यामुळे मॅगझिन उपसताना जोर लावावा लागतो आणि ते निघालं की स्लाइड खाडकन पुढे. तरी चालण्याच्या भरवशावर ते वॉल्थरच्या वर. हा नंबर मी बदलतो.

आणि बदलतोच आहे तर पुरता बदलतो. डोकं वापरून केलेलं पिस्तूल म्हणाल तर जर्मन झाउअर 38एच. त्याचा घोडा आत लपलेला, म्हणजे खिशात अडकत नाही. डाव्या बाजूच्या एका कळीने तो अलगद उतरवता येतो, आणि त्याच कळीने पुन्हा चढवताही येतो. 1938 साली! युद्ध संपलं आणि ते बनणंही थांबलं, नाहीतर वॉल्थरची एवढी हवा झालीच नसती. वॉल्थर माझ्या यादीत तिसरं. वडिलांची क्षमा मागून.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, की ओळखीतला एक परवानाधारक पीपीके विकतोय, लाखांत मागतोय, घ्यावं का. आयात ऐंशीच्या दशकात बंद झाल्यापासून आपल्याकडे हे भाव असेच, आपण त्यात गुणाची नाही, दुर्मिळतेची किंमत मोजतो. माझं ऐकाल तर पीपी शोधा. पीपीच्या मुठीला मागून पोलादाची पाठ आहे. जुन्या पीपीकेला ती नाही, मुठीचं प्लास्टिकच मागून वळसा घालून पाठीचं काम करतं, आणि ऐंशी वर्षांचं प्लास्टिक स्क्रूच्या भोकापासून तडकतं. तेच घ्यायचं असेल तर मालकाला तुमच्यासमोर तो एक स्क्रू काढायला सांगा. 'नको साहेब, राहू दे, उगाच कशाला' म्हणाला, तर चहा प्या आणि निघा.