आमटीत डाळ किती टाकता?

सध्या सोलापुरात जिमला जाणारं पोरगं प्रोटीन पावडरचा डबा आणतंय आणि आई म्हणतीय, "घरात रोज आमटी असते की, अजून काय पाहिजे?" मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

कोरड्या तूरडाळीत 100 ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रोटीन असतं. पण कोरडी डाळ खातं कोण? पाच माणसांच्या आमटीला वाटीभर डाळ, वर तांब्याभर पाणी, काळं तिखट टाकून दणदणीत उकळी, झालं. माणशी 25 ग्रॅम डाळ, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रोटीन. 60 किलोच्या माणसाला दिवसाला लागतं 50 ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांत 2000 कॅलरीच्या शाकाहारी जेवणाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं धरलीत. कुठे 25, कुठे 85! आमटीला तर्री कितीही येऊ द्या, तर्रीत प्रोटीन नसतं.

म्हणून मला सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांतला पप्पू आवडतो. अंबाडी नाहीतर पालक घालून घोटलेली घट्ट डाळ, ताटात पळत नाही. आपला डाळकांदा, गरगट्टा त्याच जातीचे. पाहुणे आले की मात्र हे मागे राहतं आणि पनीर पुढे येतं, का ते कळत नाही.

सोबत भाकरी हवीच, आणि ती नुसत्या पोटभरीसाठी नाही. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलं लायसिन ज्वारीत कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ती कसर ज्वारी काढते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्यांना ही नावं माहीत नव्हती, जोडी मात्र बरोबर जमवली होती.

हुलग्यांवर तर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. प्रोटीन तुरीएवढंच, पण कॅल्शियम तुरीपेक्षा कितीतरी जास्त. तरी शेंगोळे आणि माडगं थंडीत एखाद्या वेळी, तेही आजी असेल तर. मटकीला मोड आणायचा कंटाळा करू नका. भिजवून मोड आणले की लोह अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह अंगी लागायला सोपं जातं. वर लिंबू पिळलं तर आणखी चांगलं. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी ओतून देणाऱ्यांशी मी बोलतच नाही. डाळीतली बी जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात, येळवणीची आमटी करा.

आणि जेवण झाल्या झाल्या चहा मागणाऱ्यांनो, जरा तासभर दम धरा. त्या चहातलं टॅनिन डाळीतलं लोह अडवून ठेवतं.