फोनवर सांगायला हवं होतं ते राहिलं

नमस्कार ताई,

तुमची तक्रार वाचली. मुलाचा पडलेला पुढचा दात आम्ही बसवला, पण तार इतकी पातळ की दात हलतच होता. दहा दिवसांत रूट कॅनाल केलं, आणि आता म्हणतोय की दात टिकेलच असं नाही. शिवाय तुम्ही घरून फोन केला तेव्हा ‘लवकर या’ एवढंच उत्तर मिळालं.

आधी फोनचं बोलतो, कारण ती चूक सर्वस्वी आमची. दात दुधाचा की कायमचा, हे तिथेच विचारायला हवं होतं. दुधाचा परत बसवत नाहीत. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, माती लागली असेल तर न घासता हलकेच धुवायचं आणि लगेच त्याच खाचेत बसवायचं. नाही जमलं तर दुधात बुडवून आणायचा. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, म्हणून दात तासाभराहून जास्त वेळ कोरड्या रुमालात राहिला. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या मुळावरच्या पेशी तेवढ्यात मरतात. यात तुमचा काहीही दोष नाही.

तार मात्र मुद्दाम लवचिक ठेवली होती, साधारण दोन आठवड्यांसाठी. दात अगदी घट्ट जखडला तर मूळ हाडाला चिकटण्याची भीती वाढते. रूट कॅनालही घाईघाईत केलेलं नव्हतं. मुळाची वाढ पूर्ण झालेल्या अशा दातात मेलेली नस राहू दिली, तर जंतू मूळ पोखरू लागतात.

दात टिकण्याबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलायला हवं होतं, तेही मी केलं नाही. माफ करा. अशा दाताचं मूळ बहुधा हाडाशी एकजीव होतं आणि हळूहळू झिजतं. मुलाची वाढ होईल तसा तो शेजारच्या दातांपेक्षा आखूडही दिसू लागेल. तरी बसवला, कारण तो आहे तोवर तिथलं हाड आणि जागा शाबूत राहते, आणि वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवता येत नाही.

पुढची पाच वर्षं एक्स-रे काढून लक्ष ठेवावं लागेल. त्या तपासण्यांचे पैसे आम्ही घेणार नाही. फोनशेजारी आता विचारायच्या प्रश्नांचा कागद लावला आहे.