नमुना आणणारी व्यक्ती

पदवीच्या शेवटच्या वर्षी दोन इंटर्नशिप एकदम कराव्यात, असा सल्ला देणाऱ्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक बहुधा पाहिलेले नसते. माझी एक इंटर्नशिप ठाणे खाडीच्या ऐरोलीकडील काठावर तिवरांच्या सर्वेक्षणाची आहे आणि दुसरी रबाळ्यात, सांडपाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. दोहोंमध्ये एका स्थानकाचे अंतर आहे; परंतु ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, आणि बीओडीच्या (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजणाऱ्या चाचणीच्या) बाटल्या इन्क्युबेटरमध्ये 27 अंशांवर 3 दिवस ठेवून ठरल्या वेळी बाहेर काढाव्याच लागतात. चंद्र आणि इन्क्युबेटर, दोघांनाही माझी अडचण सांगून उपयोग नसतो.

परवा या दोन्ही वेळा एकमेकींवर आदळल्या. आखलेल्या चौकटीतली तिवरांची, चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळे मोजून, गमबूट न बदलताच मी प्रयोगशाळेच्या फाटकाशी धावत पोहोचले. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू सल्फेटवर गुजराण करून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणून त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो. हे मी फाटकावरच्या सुरक्षारक्षकांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि कार्ड मागितले.

"इंटर्नना कार्ड देत नाहीत, काका. मी रोज येते. काल तुम्हीच मला आत सोडलंत."

"काल वास नव्हता."

एवढ्यात एका कारखान्याच्या सांडपाण्याचे कॅन घेऊन टेम्पो आला आणि सलाम घेत आत गेला. त्याच्या वासापुढे माझे बूट म्हणजे मोगरा होता. मी तसे बोलून दाखवले.

"ते सॅम्पल आहे, ताई. त्याची पावती असते. वहीत रकाने तीनच: स्टाफ, व्हिजिटर, सॅम्पल. तुम्ही कशात बसता?"

हा प्रश्न मलाही वर्षभर पडलेला आहे. मी शेवटचे अस्त्र काढले आणि म्हणाले, की हा साधासुधा चिखल नाही. ठाणे खाडी 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतले रामसर स्थळ आहे.

"मग राम सरांची सही आणा."

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला: बूट सॅम्पल म्हणून घ्यायचे आणि मला 'नमुना आणणारी व्यक्ती' या रकान्यात बसवायचे. रंगासमोर त्यांनी 'काळा' लिहिले, वासासमोर 'फार'. तपासणी कोणती, असे विचारल्यावर मी 'कोणतीच नाही' म्हणाले, तर रकाना कोरा चालत नाही म्हणून त्यांनी पीएच लिहून टाकला. मग कळले, की नमुना आणणाऱ्याला खिडकीच्या पुढे प्रवेश नसतो. अखेर प्रयोगशाळेतल्या मॅडम खाली आल्या, त्यांनी बुटांची पोच दिली आणि बुटांबरोबर मलाही अनवाणी आत नेले. बाटल्यांतला ऑक्सिजन मोजताना थेंबाथेंबाने करायच्या टायट्रेशनमधला स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत माझा राग मात्र गेला नव्हता.

त्या रागाचे कारण वास नव्हे. प्रत्येक नमुन्यामागे प्रयोगशाळा आगाऊ शुल्क घेते, त्याला क्रमांक देते, थंड जागी ठेवते. मला लोकलचे भाडेही मिळत नाही. खाडीकडचे साहेब प्रमाणपत्राला 'अमूल्य अनुभव' म्हणतात, आणि त्यातल्या 'मूल्य' या भागाचा विषय काढला, की त्यांना मीटिंग असते. महाविद्यालयाला तर सगळे तास एकाच लेटरहेडवर हवे आहेत, त्यामुळे दोहोंपैकी एकीकडचा घाम क्रेडिटच्या हिशेबात निघालेलाच नाही.

संध्याकाळी बूट परत मागितले, तेव्हा कळले, की अहवाल निघून ठरावीक मुदत संपेपर्यंत नमुना राखून ठेवतात आणि नंतर त्याची विल्हेवाट लावतात. परत देण्याची पद्धत नाही. बूट खाडीवाल्या संस्थेचे होते. त्यांची किंमत मानधनातून कापून घेऊ, असे संस्थेने कळवले आहे, आणि कोणत्या मानधनातून, हे विचारणारा माझा मेल अद्याप अनुत्तरित आहे.