रस्ता आहे म्हणजे कुठेतरी जाणारच

नावाजलेल्या डोंगरांवर मी जात नाही कारण तिथे माथ्यावर फोटोसाठी रांग असते आणि रांगेत उभं राहायला मला एवढं चढायची गरज नाही, ते मी सपाटीवरही करतो. म्हणून मी आणि माझा एक मित्र असे डोंगर शोधतो ज्यांना नकाशात नाव पण नसतं, नुसता उंचीचा आकडा. मागच्या रविवारी कुठे होतास असं कोणी विचारलं, मी म्हटलं ५४७. त्याला वाटलं बसने गेलो.

असल्या डोंगरांना पायवाट नसते. असते ती कधीकाळी लाकूडतोडीसाठी काढलेली जुनी गाडीवाट, नकाशावर एक तुटक रेघ. आणि त्यावर मित्राचं ठरलेलं वाक्य, "अरे, रस्ता आहे म्हणजे कुठेतरी जाणारच ना!"

जातो की. लाकडांकडे जातो. ज्यांनी तो काढला त्यांना ओंडके खाली आणायचे होते, सूर्यास्त बघायचा नव्हता. भरलेल्या गाडीला उभा चढ-उतार झेपत नाही म्हणून वाट डोंगराला नुसते वळसे घालत राहते आणि शेवटी ओंडके रचायच्या एका सपाट जागेत येऊन गप्प बसते. माथा वर तसाच. दर वेळी हेच होतं आणि दर वेळी आम्ही दोघं त्या जागेत उभं राहून एकमेकांकडे असं बघतो की जणू रस्ता दुसऱ्यानेच संपवलाय.

मित्र हिशोबाचा पक्का. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला होता, ५ किलोमीटर चालीला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक. आमचं अंतर ४ किलोमीटर, चढ ३०० मीटर, म्हणजे १ तास १८ मिनिटं. लागले साडेतीन तास. नेस्मिथसाहेबांनी कोवळी झाडं धरलेली नसावीत. वापर थांबला की त्या उघड्या पट्ट्यावर ऊन पडतं, मग आजूबाजूचं सगळं रान रोपं घेऊन तिथेच घुसतं, त्यामुळे अख्ख्या जंगलातली सगळ्यात दाट जागा कुठली तर रस्ता! बाजूला मोठ्या झाडांखाली आरामात चालता येतं, पण मग रस्त्याने आलो असं म्हणता येत नाही ना.

शिवाय चाकांनी दाबून घट्ट केलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोऱ्यांमधूनच वाहतं. चाकोरीबाहेरचं काहीतरी करायचं म्हणून घरातून निघालेला माणूस मी, अर्धा दिवस चाकोरीतच होतो, नडगीपर्यंत चिखलात.

पुढे कोण चालणार यावर भांडण वेगळंच, कारण कोळ्यांची सगळी जाळी पुढच्याच्या तोंडावर. मी काठी नाकासमोर वरखाली हलवत चालतो. मित्र म्हणतो आरती ओवाळतोयस का.

माथ्यावर पोचलो तर तो सपाट, चहूकडे झाडं, दिसत काहीच नाही. त्यात सगळ्यात उंच जागा नेमकी कुठली? फोनवरचा ठिपका झाडांखाली बावरलेला, उभ्या उभ्या आम्हाला पंधरा मीटर इकडेतिकडे फिरवत होता. शेवटी मित्र एका दगडावर चढला, मी दुसऱ्या, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा दगड बुटका वाटला. दोन्हीवर आळीपाळीने उभे राहिलो, उगाच नंतर वाद नको.

उतरताना मात्र सोपं होतं, आलो त्याच वाटेने जायचं होतं. पण चढताना मागून येऊन मिळालेला फाटा आपल्याला दिसतच नाही, उतरताना तोच समोर दोन वाटा करून उभा राहतो. आम्ही थांबलो. एक वाट अरुंद, झाडोऱ्याने भरलेली, दुसरी मस्त रुंद.

"अरे, एवढा चांगला रस्ता आहे म्हणजे..."

गाडी डोंगराच्या पलीकडे होती.